पार्श्वभूमी : रेकॉर्डिंगआधीच्या विनोदाचा खर्च कोणाचा?

स्टँड-अपचा तासाभराचा शो ऑनलाइन येतो, तेव्हा त्यातला बहुतेक मजकूर कित्येक महिने स्टेजवर घासूनपुसून झालेला असतो. नाटकाची तालीम बंद दाराआड होते, विनोदाची होऊ शकत नाही. हशा कुठे येतो हे समोर माणसं बसल्याशिवाय कळत नाही. मग या तालमीचे पैसे कोणी कोणाला द्यायचे, हा वाद आलाच.

तमाशातली बतावणी अशीच रोजच्या प्रेक्षकांपुढे घडत गेली. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या गाजलेल्या एकपात्रीचा प्रवास मात्र उलटा : पुस्तक १९५८चं, प्रयोग नंतरचे. हॉलिवूडच्या एका स्टुडिओने १९३५मध्ये एका विनोदी चित्रपटातले प्रसंग चित्रीकरणाआधी गावोगावच्या थिएटरांत करून पाहिले. हशा किती वेळ टिकतो ते मोजून संवादांमध्ये तेवढी जागा ठेवली.

पैशांचा तंटा पेटला तो १९७९मध्ये, लॉस एंजेलिसला. रात्रीचा सर्वांत लोकप्रिय टॉक शो १९७२मध्ये न्यूयॉर्कहून तिकडे हलला आणि त्याच वर्षी सनसेट बुलेवार्डवर एक कॉमेडी क्लब उघडला. टीव्हीवर पाच-सहा मिनिटं मिळावीत म्हणून तरुण कलाकार तिथे रोज रात्री तेच विनोद पुन्हा पुन्हा करून पाहत. मालकीणबाईंचं म्हणणं असं, की ही शाळा आहे. शिकायला मिळतं, टीव्हीवाले बघायला येतात, मग मानधन कसलं? पण प्रेक्षक दारात पैसे मोजत होते, दारूची बिलं होत होती, वेटरला आणि बारवाल्याला पगार होता. ज्याला ऐकायला लोक आले, त्यालाच काही नाही. क्लबच्याच मोठ्या हॉलमध्ये नामवंतांना पैसे मिळत; रोजच्या पोरांनी तोच हॉल भरून दाखवला तरी त्यांचे हात रिकामेच. शेवटी संप झाला, क्लबबाहेर फलक घेऊन कलाकार उभे राहिले. सुमारे सहा आठवड्यांनी एका सादरीकरणाला २५ डॉलर ठरले. शाळेचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, नवख्याची फसलेली पाच मिनिटं क्लब सोसतच होता. पण शाळेत फी विद्यार्थी भरतो. इथे ती प्रेक्षक भरत होते आणि जात होती एकट्या शाळेकडे.

मुंबईत तर विद्यार्थ्यानेही फी भरली. लोअर परळच्या मॉलमध्ये २०१०मध्ये एका ब्रिटिश क्लबची शाखा आली, पाठोपाठ खार-अंधेरीकडे छोट्या जागा निघाल्या. ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनाही स्टेज खुलं असतं अशा कार्यक्रमात, चार-पाच मिनिटांचा ‘स्पॉट’ हवा असेल तर अनेक ठिकाणी सादर करणाराच पैसे देतो. वेळ संपत आली की मागून मोबाइलचा लाइट दाखवतात. बरेच जण फोनवर आपलाच आवाज रेकॉर्ड करून घरी जाताना ऐकतात : हशा शेवटच्या शब्दावर आला की दोन शब्द आधीच, आणि आपण त्याच्यावरून बोलत सुटलो का.

२०१७च्या सुमारास एका स्ट्रीमिंग कंपनीने डझनाहून अधिक भारतीय कॉमेडियनचे तासाभराचे शो आणले आणि ‘ट्रायल शो’ हा तिकिटाचा वेगळा प्रकार रुळला. कमी दर, कलाकाराच्या हातात कागद, फोन बंद. रेकॉर्डिंगच्या दिवशी बहुधा तोच शर्ट घालून लागोपाठ दोन प्रयोग करायचे आणि संपादनात जमलेले तुकडे जोडायचे.

फोनबंदीचं कारण साधं आहे. व्हिडिओ आधीच फुटला तर रेकॉर्डिंगच्या वेळी पंचला, म्हणजे हशा आणणाऱ्या शेवटच्या ओळीला, कोणी दचकत नाही. म्हणूनच कोविडनंतर रील्सवर प्रेक्षकांशी गप्पांच्या क्लिप वाढल्या. त्या टाकल्याने लिहिलेला तास शाबूत राहतो आणि तिकिटंही खपतात. अशा क्लिपमध्ये थट्टा झालेल्या प्रेक्षकाला कोणी विचारलेलं असतंच असं नाही. तिकिटाचे पैसे मात्र त्यानेच भरलेले असतात.