सांगोल्याचे आबासाहेब: ११ विजय आणि 'विक्रम' या शब्दाचा गुंता

गणपतराव उर्फ आबासाहेब देशमुखांचे नाव निघाले की पहिला शब्द येतो तो 'विक्रम'. शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) तिकिटावर सांगोल्यातून ते ११ वेळा निवडून आले, हे खरेच आहे. पण त्यापुढे 'देशात सर्वाधिक' असे जोडले जाते आणि तिथे गफलत होते. तामिळनाडूचे एक माजी मुख्यमंत्री १३ वेळा विधानसभेवर गेले. मात्र त्यांचे मतदारसंघ बदलत राहिले. मग 'एकाच मतदारसंघातून' अशी दुरुस्ती होते, तीही टिकत नाही. केरळच्या पाला मतदारसंघातून एकच नेता १३ वेळा जिंकला, जरी त्यातली १९६५ ची विधानसभा कधी भरलीच नाही. तेव्हा विक्रम म्हणायचा तर महाराष्ट्रापुरता म्हणावा. त्याने आबासाहेबांचे काही कमी होत नाही.

वर्षांच्या हिशेबातही तसेच. '५५ वर्षे आमदार' हे सर्रास छापले जाते. १९६२ ते २०१९ हा काळ ५७ वर्षांचा. पण १९७२ ला पराभव, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत, मग १९९५ ला पुन्हा पराभव आणि १९९९ ला पुनरागमन. मधली वर्षे वजा केली तर प्रत्यक्ष आमदारकी ५१ वर्षांच्या आसपास भरते. मला स्वतःला या दोन पराभवांचे मोल अधिक वाटते. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी हरल्यावर, सत्तरीला टेकलेला माणूस पुढच्या निवडणुकीला पुन्हा त्याच गावांतून मते मागायला उभा राहिला.

जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, शिक्षणाने वकील. १९७८ आणि १९९९ च्या सरकारांत मंत्रिपद मिळाले, तरी लोकांच्या लक्षात राहिला तो लाल एसटीत आमदारांसाठी राखीव ठेवलेल्या आसनावर बसून जाणारा पांढऱ्या कपड्यांतला माणूस. ती जागा बहुतेक गाड्यांत दुसरेच कुणी वापरतात.

खरे काम पाण्याचे. माणदेशात पाऊस पाठ फिरवतो, माण नदी बहुतेक वर्ष कोरडी असते. नव्वदच्या दशकात १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा आटपाडीत भरू लागल्या, त्यात ते अग्रभागी होते. मागणी साधी होती, कृष्णेचे पाणी उचलून वर आणा. कराडजवळच्या टेंभूपासून टप्प्याटप्प्याने पाणी चढवायचे म्हणजे वीजबिल, भूसंपादन, निधी, सगळेच अडते. सभागृहात हा एकच विषय किती अधिवेशने त्यांनी लावून धरला! डाळिंबाच्या बागा सांगोल्याची ओळख झाल्या, पण त्या टँकरवर जगवण्याचे दिवसही याच तालुक्याने पाहिले.

२०१९ ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी हरला, तेही १९९५ ला आजोबांना हरवणाऱ्याच उमेदवाराकडून. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात आबासाहेब गेले. २०२४ ला दुसऱ्या नातवाने ती जागा परत मिळवली.