दुधीचा पेला आणि कडू चव: घरगुती भाजीरसाची पार्श्वभूमी

उपाशीपोटी पेलाभर दुधीचा रस घेणारं एखादं तरी माणूस आता बहुतेक सोसायट्यांत सापडतं. का घेता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'आयुर्वेदातच सांगितलंय.' यातलं 'रस' बरोबर आहे, 'पेलाभर' मात्र बरंच अलीकडचं आहे.

आयुर्वेदात ओली वनस्पती कुटून, फडक्यातून पिळून काढलेल्या रसाला स्वरस म्हणतात. घरगुती मराठीत तोच अंगरस. स्वरस, कल्क (वाटून केलेला गोळा), काढा, हिम (गार पाण्यात भिजवून गाळलेला) आणि फांट (गरम पाण्यात मुरवून गाळलेला) या औषध करायच्या पाच प्रकारांत स्वरस पचायला सगळ्यांत जड मानला आहे, आणि म्हणूनच त्याचं माप अर्धं पल, म्हणजे दोन तोळे. आजच्या हिशेबात २४ मिलिलिटरच्या आसपास. आजीच्या हातचा अडुळशाचा किंवा आल्याचा अंगरस आठवून पाहा. मधात कालवलेला चमचाभर, आणि तोही खोकला असेपर्यंतच. रोज सकाळी २५० मिलिलिटर हा प्रकार त्या परंपरेत बसत नाही. तिथे रस हे औषध होतं आणि औषधाला मात्रा असते.

पेला आला तो निसर्गोपचारातून. जर्मनीतल्या जलोपचारांचा आणि कच्च्या आहाराचा प्रभाव घेऊन ही चळवळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इकडे रुजली. पुण्याजवळ उरुळीकांचनला १९४६ मध्ये आश्रम सुरू झाला आणि 'रसाहार', म्हणजे नुसत्या रसांवर राहणं, हा शब्द मराठी घरांच्या कानावर पडू लागला. पण रसाहार म्हणजे तिथे मुक्कामाला राहून, कुणाच्या तरी देखरेखीखाली, ठरावीक दिवस करायची गोष्ट. घरी तो जमणं कठीणच होतं. गाजर किसा, पंच्यात घाला, मनगटं दुखेपर्यंत पिळा, एवढ्या खटाटोपानंतर अर्धी वाटी रस. चार माणसांच्या घरात हे कोण करणार?

ती अडचण विजेवरच्या मिक्सरने दूर केली. ओलं खोबरं आणि भिजवलेली डाळ वाटताना परदेशी ब्लेंडरच्या मोटारी जळत. साठच्या दशकात मुंबईत आपल्या वाटणाला पुरे पडेल असा मिक्सर तयार झाला, आणि पुढच्या वीसेक वर्षांत पाटा-वरवंटा हळूहळू बाल्कनीत जाऊन बसला. काही मिक्सरसोबत जाळीची एक जास्तीची बरणीही येई. आमच्याकडे ती कित्येक वर्षं खोक्यासकट माळ्यावर होती, आणि आमचंच घर तसं होतं असं मला वाटत नाही. भाजीचा रस काढून प्यावा असं तोवर फारसं कुणाच्या मनात आलेलं नव्हतं.

ते मनात आणून दिलं टीव्हीने. २००० नंतरच्या दशकात पहाटेच्या योगशिबिरांची प्रक्षेपणं घराघरांत सुरू झाली. प्राणायामाच्या जोडीला दुधीचा रस हृदयाला, कारल्याचा मधुमेहाला, आवळ्याचा सगळ्यालाच, अशी यादी लोकांना तोंडपाठ झाली. माळ्यावरची बरणी खाली उतरली. पुण्या-मुंबईच्या बागांच्या फाटकांशी सकाळी सहाला घडीचं टेबल मांडून विक्रेते बसू लागले. झाकणाचे स्टीलचे डबे आणि प्रत्येकावर खडूने लिहिलेलं नाव: दुधी, कारले, गव्हांकुर, कोरफड. चालून आलेली मंडळी उभ्याउभ्याच सांगत, 'अर्धा दुधी, त्यात थोडं कारलं टाक.' पेला एका दमात रिकामा करायचा, तोंड वाकडं करायचं, वर मीठ लावलेला आवळ्याचा तुकडा चघळायचा. तोंड वाकडं झालं म्हणजे गुण येणार, हा हिशेब कुणी बोलून दाखवत नसे, पण होता.

आणि २०१० च्या प्रकरणाचं मूळ नेमकं याच हिशेबात आहे.

त्या वर्षी दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यांच्या पत्नीनेही तोच रस घेतला होता. त्या आजारी पडल्या, पण वाचल्या. हे जोडपं काही पहिल्यांदा रस पीत नव्हतं. बातमी देशभर गाजली. वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचे निष्कर्ष २०१२ च्या सुरुवातीला छापून आले. दोष दुधीचा नव्हता, कडू दुधीचा होता. काकडी-भोपळ्याच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. किडीपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून वाचण्याची ही वेलीची स्वतःची सोय. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसाने भाजीच्या वाणांतून ती जवळजवळ काढून टाकली आहे, पण एखाद्या फळात ती अचानक पुन्हा उतरते. पाण्याचा ताण, उन्हाचा तडाखा, रानटी वाणाशी झालेला संकर अशी कारणं सांगितली जातात. असं फळ बाहेरून ओळखता येत नाही. तेच हिरवं, तेच कोवळं, नखाने टोचलं तर तसंच मऊ. रस पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत उलट्या, जुलाब, पोटात कळा, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं. यावर खास असा उतारा नाही. लक्षणं पाहून उपचार करायचे.

समितीने रसावर बंदी सुचवली नाही. सल्ला दिला तो असा: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, कडू रस अजिबात पिऊ नका, दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका, प्यायल्यावर मळमळ किंवा अस्वस्थ वाटलं तर ताबडतोब रुग्णालयात जा.

हा निर्णय पुरेसा होता का, यावर माझं मत आजही पक्कं होत नाही. बंदीच्या विरोधातली बाजू उघड आहे. दुधी ही घराघरातली गरिबाची भाजी, कडू फळ क्वचितच निघतं, आणि लोकांनी घरात काय वाटून प्यावं यावर पहारा कोण ठेवणार? शिवाय चाखण्याचा सल्ला आपल्याला नवा नव्हताच. कोशिंबिरीची काकडी चिरण्याआधी तिचं टोक कापून, चकती चकतीवर घासून फेस काढायचा आणि एक फोड तोंडात टाकून बघायची, हे कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात न सांगता होतं. दुधीचंही तसंच. भाजीत कडू दुधी आला तर पहिल्याच घासाला ताट बाजूला सरतं.

रसात ती पहिल्या घासाची संधीच नाही. दुधी चिरला, बरणीत टाकला, बटण दाबलं, नाक दाबून प्यायला. त्यात कारलं असेल तर कडवटपणाचा दोष कुणाला द्यायचा? 'कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच' ही म्हण आपण स्वभावाबद्दल वापरतो, पण इथे ती अक्षरशः लागू पडते, कारण कारल्याच्या आड विषारी दुधी बेमालूम लपतो. समितीच्या सल्ल्यातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ म्हणूनच 'मिसळू नका' ही होती, आणि नेमकी तीच लोकांपर्यंत पोचली नाही. बातम्यांतून 'चाखून बघा' पोचलं. बागेच्या फाटकाशी मिश्रण चालूच राहिलं, आणि तिथे डब्यातला रस कुठल्या दुधीचा हे गिऱ्हाईक चाखणार तरी कसं? समितीने घरचा दुधी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असावं. विकत मिळणाऱ्या रसाबद्दल एखादी वेगळी ओळ लिहायला हवी होती असं मला वाटतं.

२०१८ मध्ये पुण्यातही दुधीचा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. शिजवलं की विष जातं असाही एक समज आहे, तोही खरा नाही. २०१५ मध्ये जर्मनीत परसबागेतली कडू झुकिनी शिजवून खाल्लेले एक वृद्ध गृहस्थ दगावले. ती याच कुळातली.

खरं तर कडू भोपळा आपल्याला परका नाही. तीर्थयात्रेला निघालेल्यांबरोबर कडू भोपळा धाडून 'यालाही सगळ्या तीर्थांत बुचकळून आणा' असं सांगणाऱ्या संताची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. मिरजेत ज्या भोपळ्यांचे तंबोरे होतात, तेही दुधीच्याच जातीचे. हा आपल्याला वाजवायचा भोपळा म्हणून ठाऊक होता, आणि प्यायच्या भोपळ्याशी त्याचं सख्खं नातं आहे हे विसरायला झालं.

त्यानंतरची वळणं भराभर आली. गाळून चोथा टाकण्यापेक्षा सगळंच वाटून प्यायची स्मूदी आली आणि तंतू पोटात जाऊ लागले, हे बरंच झालं. पण चवीसाठी केळं, खजूर, मध पडत गेले. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी फळांच्या रसातली नैसर्गिक साखरही मर्यादेत ठेवायच्या साखरेतच धरली. २०२४ मध्ये आपल्याकडच्या आहारविषयक सूचनांनीही रसापेक्षा अख्खं फळ बरं म्हटलं. २०२० च्या टाळेबंदीत बागा बंद झाल्या आणि फाटकावरचा पेला घरात आला. त्याबरोबर हळू फिरणारे महागडे ज्यूसरही आले. कच्च्या पालकाचे मोठाले पेले सुरू झाले, आणि पालकातल्या ऑक्झलेट नावाच्या द्रव्यामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. मुतखडा होऊन गेलेल्यांना डॉक्टर पालक जपून खायला सांगतात तो याच कारणाने.

सध्या चलती कोहळ्याची आहे. दाराला टांगायचा, नाहीतर पेठ्यासाठी आणायचा कोहळा आता सकाळी सालं काढून मिक्सरात जातो. तोही त्याच कुळातला. माझी शेजारीण रोज घेते, आणि पाते फिरवण्याआधी एक फोड तोंडात टाकते. हे तिला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, 'अहो, काकडीला नाही का करत?'