म्हशींतील खनिजांची कमतरता आणि प्रजननदोष

म्हशीच्या चाऱ्यात खनिजे कमी पडली, किंवा पोटात जाऊनही अंगी लागली नाहीत, तर माज (मादीची फळण्याची वेळ), गर्भधारणा आणि वीण या तिन्ही टप्प्यांवर दोष उद्भवतात. म्हशीच्या एक लिटर दुधातून सुमारे १.८ ग्रॅम कॅल्शियम बाहेर पडते. शरीर आपला साठा आधी जगण्याकडे व दुधाकडे वळवते आणि प्रजननाची पाळी शेवटी येते. म्हणून दूध चांगले असतानाही म्हैस माजावर न येणे हे पुष्कळदा कमतरतेचे पहिले लक्षण असते.

यात फॉस्फरसचा वाटा मोठा आहे. केवळ कडब्यावर किंवा पेंढ्यावर ठेवलेल्या जनावरांत तो सहज कमी पडतो. मग रेड्या उशिरा वयात येतात आणि व्यालेल्या म्हशींची अंडाशये निष्क्रिय राहतात. अशी म्हैस गव्हाणीची कड चाटते, माती खाते, सापडलेले हाड किंवा चिंधी चघळत उभी राहते. तांब्याचा अभाव केसांवर दिसतो, कारण काळा रंग उतरून तांबूस-करडा होतो. मात्र चाऱ्यात तांबे पुरेसे असूनही मॉलिब्डेनम आणि गंधक त्याला पोटातच बांधून ठेवू शकतात. भाताच्या पेंढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियमच्या बाबतीत तेच करते.

विताना कॅल्शियम कमी असल्यास गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही, वीण लांबते, वार (गर्भाचे वेष्टन) अडकते आणि कधी अंगही, म्हणजे गर्भाशय, बाहेर येते. वार अडकण्यामागे सेलेनियमची उणीवही असू शकते. आयोडीन कमी पडल्यास पारडू अशक्त किंवा मृत जन्मते. जस्त व मँगेनीज यांच्या अभावी माज क्षीण होतो.

निदानात घाई घातक ठरते. मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणारा माज, हा म्हशीचा स्वभावच आहे. ती क्वचितच ओरडते आणि बहुधा रात्री माजावर येते, त्यामुळे हुकलेला माज कमतरतेच्या खात्यावर सहज जमा होतो. सुमारे २१ दिवसांच्या चक्राची नोंद आणि गर्भाशयाची तपासणी आधी व्हावी. रक्तातील कॅल्शियम शरीर हाडांतून काढून स्थिर ठेवते, म्हणून त्याचा अहवाल निर्दोष आला तरी कमतरता नाही असे म्हणता येत नाही. चाऱ्याचे पृथक्करण अधिक सांगून जाते.

प्रौढ म्हशीला रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून (भिजवलेल्या पेंड-भरड्यातून), भाकड म्हणजे दूध न देण्याच्या काळातही, दिले जाते. अंडाशयातील पुटिका (ज्यात अंडे वाढते ती पिशवी) वाढण्यास काही महिने लागत असल्याने गुण आठवड्यात दिसत नाही. याउलट विण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यांत जादा कॅल्शियम दिल्यास हाडांतून ते काढण्याची शरीराची यंत्रणा मंदावते आणि व्याल्याबरोबर दुग्धज्वराचा (रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरण्याच्या आजाराचा) धोका वाढतो.