पार्श्वभूमी : माळ, आडवी बाटली आणि ‘बंद’ मीटिंग

साताऱ्यात किंवा सांगलीत दारू सोडलेल्यांची मीटिंग कुठे भरते असं विचारलं, तर हातात बहुधा व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर पडतो. केंद्र म्हणजे भरती, औषधं, काही आठवड्यांचा मुक्काम आणि बिल. मीटिंग म्हणजे तास-दीड तास, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा आणि शेवटी फिरणारी थैली. त्यात टाकायला काही नसलं तरी कुणी बघत नाही. या दोहोंची गल्लत होते, कारण आपल्याकडे दारू सोडणं हे कायम चारचौघांदेखत करायचं काम राहिलं आहे.

सगळ्यात जुना मार्ग माळेचा. पंढरपुरी जाऊन तुळशीची माळ घातली की मटण आणि दारू दोन्ही बंद. पुन्हा प्यायचं तर आधी माळ उतरवावी लागते, आणि उतरवलेली माळही गावाला दिसतेच. बेचाळीसनंतरच्या प्रतिसरकारच्या काळात दारूविरुद्धचं काम उघड मोहिमेचंच होतं. आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. मग १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पुढे तो सैल होत गेला, तरी पिणाऱ्याला परवाना लागतो हे कलम आजही कागदावर आहे. हा परवाना किती जणांच्या खिशात सापडेल, हे विचारू नये.

इकडच्या बायकांच्या आठवणीत जास्त ठळक आहे ती २००८ ची नियमावली. गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज द्यायचा, मग मतदान. दुकान राहावं तर उभी बाटली, जावं तर आडवी. मेख अशी की आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मतं हवीत, ती झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या. म्हणजे लग्न होऊन कऱ्हाडला गेलेली, मुंबईत माथाडी नवऱ्याबरोबर राहणारी, वारलेली पण नाव न कमी झालेली, या सगळ्या न येताच उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. हरकती झाल्या, वाद झाले. ज्या गावांनी तरीही आकडा गाठला, तिथे गुलाल उधळला गेला, दुकानाला कुलूप लागलं. पिणारा मात्र सुटला नाही, तो शेजारच्या गावच्या ढाब्यावर जाऊ लागला. त्याच्या बायकोला मग दुसऱ्याच जागेची गरज होती, आणि ती जागा कुठल्या सरकारी निर्णयात नव्हती.

ती जागा म्हणजे मीटिंग, आणि ती मुळात अमेरिकेतली. १९३५ साली अ‍ॅक्रन गावात एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले. १९३९ च्या त्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजे ‘अनामिक मद्यपी’, या पुस्तकाचंच नाव चळवळीला मिळालं. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये पोचली. पुढे इकडच्या बोलण्यात नुसतं ‘एए’ उरलं. कुटुंबीयांचा वेगळा गट अमेरिकेत १९५१ पासून आहे.

अडचण झाली ती या चळवळीच्या परंपरांनी, म्हणजे तिने स्वतःला घालून घेतलेल्या नियमांनी. एक म्हणते, सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा पुरे. दुसरी म्हणते, बाहेरून देणगी घ्यायची नाही. तिसरी म्हणते, जाहिरात करायची नाही, लोकांनी ओढीने यावं. मुंबईत हे जमतं. जिथे माणूस कुणाचा कोण हे आडनावासरशी कळतं, तिथे ‘अनामिक’ म्हणजे नेमकं काय? पाटी लावली तर दारात उभं राहणाऱ्याचं नाव फुटलं, नाही लावली तर शोधणारा गल्लीत फिरून परत जातो. बहुतेक ठिकाणी मधला मार्ग निघतो : खोली शाळेची किंवा चर्चची, पाटी नाही, नंबर मनोविकार डॉक्टरांकडे.

त्यात ‘बंद’ या शब्दाने आणखी घोळ घातला. मीटिंगा दोन प्रकारच्या, खुली आणि बंद. खुलीला बायको, भाऊ, कुणीही येतं. बंदला फक्त पिण्याचा त्रास असलेले. पण ‘गुरुवार, बंद मीटिंग’ असा मेसेज नवख्याने वाचला की तो समजतो, या गुरुवारी सुट्टी. मराठीत ‘बंद’चा पहिला अर्थ तोच, दुकान बंद, बाजार बंद. ‘फक्त सदस्यांसाठी’ लिहावं तर सदस्य व्हायला फॉर्म भरावा लागतो की काय, ही शंका. माझं मत विचाराल तर ‘पिणाऱ्यांपुरती’ हा सरळ शब्द वापरावा; पण तो अपमानाचा वाटतो म्हणणारेही आहेत, आणि आधीच घाबरलेल्या माणसाच्या बाबतीत ते पूर्ण चूक नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूशी निगडित मानसिक स्थिती मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतली, आणि गाडीत कोंबून केंद्रात नेण्यावर प्रश्न उभे राहिले. मग २०२० चा मार्च आला, खोल्यांना कुलपं लागली आणि मीटिंगा मोबाइलवर गेल्या. पाटी, गल्ली, दार हा प्रश्नच उरला नाही. ऊसाच्या बांधावरूनही जोडता येऊ लागलं. घरातला एकच फोन मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी असायचा, त्यामुळे बाप पडद्यावर मुलाच्या नावाने, इयत्ता आणि तुकडीसकट दिसायचा. ते नाव बदलायचं कसं हे त्याला ठाऊक नसे, आणि कुणी बदलायला सांगितलंही नाही.