तेरावा महिना की फुफाटा?

'इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स'ला मराठीत काय म्हणायचं, असं विचारलं की दोन उत्तरं हमखास येतात: 'दुष्काळात तेरावा महिना' आणि 'आगीतून फुफाट्यात'. दोन्हींचा अर्थ 'संकटात भर' असा घोकलेला असतो, त्यामुळे कुठलीही कुठेही खपवली जाते. माझ्या मते यातली एकच इथे बसते.

इंग्रजी म्हणीचं म्हणणं सरळ आहे: अडचणी एकट्यादुकट्या येत नाहीत, आल्या की झोडपून काढतात. अमेरिकेत ती 'व्हेन इट रेन्स, इट पोअर्स' अशी चालते. तिथल्या मॉर्टन सॉल्टने तर १९१४च्या सुमारास तिचंच घोषवाक्य केलं: बाहेर पाऊस असला तरी आमचं मीठ गुठळ्या न होता सुळसुळ पडतं! जुलैत मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकणाऱ्या मुंबईकराला यातली खोच समजावून सांगायला नको.

आता तेरावा महिना. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५चं. ही अकराएक दिवसांची तफावत साठत जाते आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून ती मिटवावी लागते. २०२६मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे. ज्या घरातलं धान्य बारा महिनेसुद्धा पुरणार नाही, तिथे वर्षच महिन्याभराने लांबलं तर? त्यात हा धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला अनारशांचं वाण आलंच. कणगी रिकामी आणि जावई दारात! यात घरातल्या कुणी काही केलेलं नाही. दुष्काळ होता तिथेच आहे, वरून महिना आला.

फुफाट्यातला माणूस मात्र स्वतः हललेला असतो. फुफाटा म्हणजे तापलेली राख. ज्वाळा दिसतात म्हणून माणूस आगीतून उडी मारतो. राख वरून निवलेली वाटते, पाय ठेवल्यावर कळतं. संध्याकाळी अंधेरीला स्लो लोकलला लोंबकळायला नको म्हणून बोरिवलीचा माणूस विरार फास्टमध्ये घुसतो. आत शिरायला जागा मिळाली, पंख्याखाली उभा राहिला, वाटलं जिंकलो. बोरिवली आली तेव्हा दार चार हातांवर आणि मधे विरारवाल्यांची भिंत. 'बोरिवलीला उतरायचं तर विरार कशाला पकडली?' हे वर ऐकून घ्यायचं. याला तेरावा महिना म्हणू नये. स्लो लोकलचा त्रास सुटला होता, सुटकेचा मार्गच अंगाशी आला.

म्हणून एवढंच विचारावं: पहिली अडचण अजून आहे का? असेल तर तेरावा महिना, तिच्यातून निसटून दुसरीत पडलात तर फुफाटा. पावसाच्या म्हणीशी जुळतो तो तेरावा महिना. फुफाट्याचं इंग्रजी भावंड वेगळं, 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर'. तेरावा महिनाही तंतोतंत जुळत नाही म्हणा. एकाच आठवड्यात दोन नोकऱ्यांची बोलावणी आली तर इंग्रजीत पावसाची म्हण हसत हसत वापरता येते. आपला तेरावा महिना कधीच कुणाला गोड बातमी घेऊन आलेला नाही.

एकाच घराला दोन्ही लागू होतात, तेव्हा मात्र क्रम सांभाळावा. चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. गळक्या छतातून सुटलो म्हणून अकरा महिन्यांच्या करारावर खोली घेतली, तर तिथे भिंतीतूनच पाणी पाझरतंय: आगीतून फुफाट्यात. भिंत तशीच ओली असताना बिल्डरने भाड्याचा चेक थांबवला आणि मालकाने डिपॉझिट वाढवून मागितलं: दुष्काळात तेरावा महिना.