सीमाभागातले आमदार-खासदार सभागृहात किती बोलले?

निवडणूक आली की कोणी किती प्रश्न विचारले, किती चर्चांत भाग घेतला, याचे आकडे मोबाइलवर फिरू लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हे आकडे वाचताना जरा मागचं पाहावं लागतं.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेला. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीपासून सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार विधानसभेत जाऊ लागले, ते मुळात आम्हाला या सभागृहात राहायचंच नाही हे सांगायला. तिथे आडवी आली भाषा. घटनेच्या 210व्या कलमानुसार सभागृहात राज्याची राजभाषा (इथे कन्नड), हिंदी किंवा इंग्रजी चालते. यांपैकी एकीतही नीट बोलता येत नसेल तर अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. देऊ शकतात, द्यायलाच हवी असं नाही. हिंदीची वाट मोकळी, हे खरं. पण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या जंगलातल्या रस्त्याचं गाऱ्हाणं परभाषेत मांडताना त्याची धार जाते.

सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला. बेळगाव कर्नाटकातच ठेवण्याची त्याची शिफारस महाराष्ट्राने फेटाळली. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 'विषय न्यायप्रविष्ट आहे' हे उत्तर कर्नाटक सरकारला आयतंच मिळालं. 2006 पासून कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशनच बेळगावात भरू लागलं, 2012 मध्ये त्यासाठी सुवर्ण विधानसौध ही इमारत उभी राहिली. समितीने त्याला उत्तर दिलं महामेळाव्याने, म्हणजे बाहेर भरवलेल्या निषेधाच्या सभेने. तिथली भाषणं कुठल्या कामकाजाच्या नोंदीत येणार?

लोकसभेत तर मराठी मतदार विखुरलेलाच. बेळगाव शहर बेळगाव मतदारसंघात, निपाणी चिक्कोडीत आणि खानापूर थेट उत्तर कन्नडमध्ये, म्हणजे कारवारशी जोडलेलं. खानापूरच्या माणसाने आपल्या खासदाराला गाठायचं तरी कुठे?

शिवाय आकडे फसवतात. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी 2019 मध्ये रेल्वे राज्यमंत्री झाले, तेव्हापासून त्यांच्या नावावर प्रश्न शोधण्यात अर्थ नाही. उलट, लेखी प्रश्न टाकून गप्प बसणाऱ्याचीही संख्या फुगते.

2013 मध्ये समितीचे दोन आमदार होते. 2018 आणि 2023 मध्ये एकही नाही. खानापुरात 2018 ला काँग्रेस, 2023 ला भाजप. सीमाप्रश्नावर या पक्षांच्या आमदारांना आपापल्या पक्षाच्या रेषेतच बोलावं लागतं.