पत्र्याच्या लहान नावेला किती एचपीचं इंजिन लावावं?

गोसीखुर्द, इटियाडोह आणि आसपासच्या जलाशयांवर अॅल्युमिनियमची नाव चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दुकानात येणारे बरेच जण विहिरीवरच्या पंपाचा हिशेब डोक्यात घेऊन येतात. पाच एचपीने पाणी कमी पडलं तर साडेसातची मोटर टाका, काम झालं. नावेचं तसं नाही. चालती नाव पुढे लाट उठवते, आणि वेग वाढला की त्याच लाटेचा चढ तिच्यासमोर उभा राहतो. १२ फुटी नावेला हा अडथळा ताशी साडेआठ किलोमीटरच्या सुमारास येतो. तिथवर जायला ताकद थोडीच लागते. त्यापुढे पळायचं असेल तर नाव वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरली पाहिजे, आणि त्यासाठी ढोबळमानाने दर २० किलो वजनामागे एक एचपी लागतो.

आता वजन मांडून बघा. सपाट तळाची १२ फुटी नाव धरा ७० किलो. दोन माणसं १३० किलो. जाळं, बर्फाची पेटी आणि मासळी मिळून ६०. इंजिन, टाकी, पेट्रोल ३५. झाले २९५ किलो. म्हणजे भरली नाव पळवायला १५ एचपी हवा. पण १५ एचपीचं इंजिनच ५० किलोच्या घरात जातं. ते मागे टांगलं, शेजारी चालवणारा बसला, की नावेची शेपूट खाली जाते आणि मागून पाणी आत यायला वेळ लागत नाही.

नावेला जास्तीत जास्त किती इंजिन झेपेल, यासाठी अमेरिकी तटरक्षक दलाचा एक सोपा नियम आहे. नावेची लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत. १२ गुणिले ४ म्हणजे ४८. या आकड्याला कमाल १५ एचपी. मात्र तळ सपाट आणि कडा कोनात दुमडलेल्या असतील तर एक पायरी खाली, म्हणजे १०. आपल्याकडच्या बहुतेक पत्र्याच्या नावा याच दुसऱ्या प्रकारातल्या. नावेवर बनवणाऱ्याची पाटी असेल तर तिच्यावरचा आकडा आधी पाळायचा.

थोडक्यात, १५ लावू नये आणि १० ने भरली नाव पळणार नाही. मग दहाचे पैसे कशाला घालवायचे? जाळं टाकून येणाऱ्या दोघांच्या १२ फुटी नावेला आम्ही ५ किंवा ६ एचपीच देतो. पूर्ण थ्रॉटलवर ५ एचपीला तासाला दोन लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, १० एचपीला साडेतीन ते चार. रोजच्या धंद्यात हा फरक खिशाला कळतो.

अपवाद आहेत. नाव १४ फुटी आणि रुंद असेल, किंवा गोसीखुर्दचं मोठं पात्र रोज ओलांडायचं असेल, तर ८ ते १० घ्या. मे-जूनमध्ये दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा समोरून येणाऱ्या लाटेला राखीव ताकद लागते. उलट बोडीसाठी (शेताजवळचं लहान तळं) किंवा गावच्या मामा तलावासाठी (जुना मालगुजारी तलाव) इंजिन मागायला आलात, तर आम्ही वल्हं घ्या म्हणून सांगू. तिथे इंजिन म्हणजे निव्वळ हौस.

एचपीइतकीच शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची लांबी महत्त्वाची, आणि चूक होते ती इथेच. मागच्या फळीची उंची मधोमध मोजा. १५ इंचांच्या आसपास असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० च्या आसपास असेल तर लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यावी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि नाव जागची हलत नाही. फार खाली गेली तर ओढ वाढते आणि उथळ पाण्यात पंखा गाळात रुततो.

नाग नदीचं पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, आणि त्या घाणीवर जलपर्णी माजते. तिचा गुंता पंख्यात अडकला की आधी इंजिन बंद करा, वर उचला, मगच कोयत्याने कापा. चालू इंजिनवर हात घालू नका. बुडीत भागात पाण्याखाली झाडांची खुंटं असतात. तुमच्या इंजिनाला शिअर पिन (पंखा आपटला की आधी स्वतः तुटून गिअर वाचवणारी पिन) असेल तर दोन जादा पिना आणि पक्कड नावेतच ठेवा. पिनेच्या जागी खिळा ठोकलेली इंजिनं आमच्याकडे येतात. तेव्हा पिनेऐवजी गिअर तुटलेले असतात.

पेट्रोलबद्दल एक सांगायचं राहिलं. पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, तर बऱ्याच आउटबोर्डच्या (नावेच्या मागे टांगायच्या इंजिनांच्या) पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. घेण्याआधी ते पान आमच्याकडून दाखवून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पंधरा दिवसांवर इंजिन पडून राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

दुकानात येताना नावेची लांबी, मागच्या फळीची रुंदी आणि उंची, आणि नेहमी किती माणसं, किती माल असतो, एवढं कागदावर लिहून आणा. मोबाइलमध्ये मागच्या फळीचा फोटो असला तर उत्तमच. व्याघ्र प्रकल्पात किंवा अभयारण्यात येणारा जलाशय असेल तर आधी वन विभागाची परवानगी, नंतर इंजिन.